हातोहात : मालवाहतुकीतील चोरी आणि तिचा बंदोबस्त



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला वरळीत चालविली जाते त्या गृहस्थांची हयात गोदीत टॅली क्लार्क म्हणून, म्हणजे जहाजातून उतरणारे नग मोजून वहीत मांडण्यात गेली, असे संयोजकांनी निमंत्रणपत्रात कळविले, आणि मला विषय शोधण्याचे श्रम उरले नाहीत. नग मोजणे हे काम दिसावयास इतके क्षुल्लक आहे की विद्वानांच्या ग्रंथांत त्याला जागा मिळणे कठीण. परंतु व्यापारी, पेढीवाला, विमेवाला आणि न्यायाधीश हे सारे पुढे ज्या आकड्यावर विसंबून एकमेकांशी भांडतात, तो आकडा मुळात धक्क्यावर उन्हात उभ्या असलेल्या एका कारकुनाने लिहिलेला असतो. त्याची नजर चुकली, किंवा कोणी बुद्धिपुरस्सर चुकविली, म्हणजे काय होते याचा थोडा इतिहास आज सांगावा असा माझा मानस आहे.

वरळीला गोदी नाही. प्रिन्सेस, व्हिक्टोरिया आणि अलेक्झांड्रा या तिन्ही गोद्या शहराच्या पूर्व अंगाला, आणि आपण पश्चिमेला. तरीही गोदीचा आणि या वस्तीचा संबंध जुना आहे. १९२० नंतरच्या दशकात येथे बांधल्या गेलेल्या बी. डी. डी. च्या १२१ चाळींत गिरणीकामगारांच्या भिंतीला भिंत लावून गोदीत राबणारी माणसेही राहिली. आणि वरळी-परळच्या गिरण्यांची चाके ज्या कापसावर फिरत, त्याच्या गाठी शिवडीच्या कॉटन ग्रीनवरील वखारींत रचल्या जात. शिवाय कोळीवाड्याच्या टोकाशी वरळीचा छोटा किल्ला आहेच. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी तो बांधला, तो माहीमच्या खाडीच्या तोंडावर नजर ठेवण्यासाठी, शत्रूची गलबते आणि चाचे यांची चाहूल लागावी म्हणून. समुद्रावरील मालाच्या रक्षणाचा विचार निघाला की आपल्या मनात अजूनही प्रथम तोफ आणि बुरूजच उभे राहतात. परंतु ज्यांनी सावकारी जहाजांचा कारभार प्रत्यक्ष पाहिला ते एवढ्यावर थांबले नाहीत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील आरमाराचे प्रकरण वाचणाऱ्याला दिसेल की, शत्रूशी लढावे कसे याच्या जोडीने, कौल घेऊन येणाऱ्या सावकारांच्या तरांड्यांना आपल्याच लोकांकडून आगळीक होऊ नये, याची चिंता तेथे तितक्याच आस्थेने केलेली आहे. धोका बाहेरच्या माणसाइतकाच आतल्या माणसाकडूनही असतो, हे त्या मुत्सद्द्याने ओळखले होते.

माझे आजचे प्रतिपादन त्याच दिशेचे आहे. माल वखारीत कुलपात पडलेला असतो किंवा वाटेत धावत असतो, तेव्हा त्याला जितके भय असते, त्याहून अधिक भय तो एका हातातून दुसऱ्या हातात जातो त्या घटकेला असते. कारण त्या घटकेला देणारा म्हणतो मी दिले, घेणारा म्हणतो मला मिळाले नाही, आणि दोघांच्या मधल्या अवकाशात नग नाहीसा होतो. या सांध्यावर पहारेकरी वाढविले तर चोर त्यांना वाटा देतो, आणि कागद वाढविले तर चोर कागदही वाढवितो. तेथे असा मनुष्य उभा पाहिजे की नग गेला तर त्याच्या स्वतःच्या पदराला खार लागावा. ही गोष्ट आपल्या जुन्या सावकारांना कळली होती, आणि कायदे करणाऱ्यांना ती वारंवार विसरावीशी वाटली.

सावकारांचे उदाहरण प्रथम घेतो. पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारात जोखमी हुंडी म्हणून एक प्रकार रूढ होता. मुंबईच्या व्यापाऱ्याने गलबतात माल भरून, समजा, पोरबंदरला किंवा कोचीनला धाडला, तर तो तेथील माल घेणाऱ्यावर हुंडी लिही आणि ती येथेच तिसऱ्या एखाद्या सावकाराला काही कमी भावाने विकून आपले पैसे मोकळे करून घेई. माल सुखरूप पोचला तर हुंडी सकारली जाई. गलबत बुडाले तर हुंडी कोरा कागद ठरे आणि ती विकत घेणाऱ्याने नुकसान सोसावे असा रिवाज असे. म्हणजे कर्ज आणि विमा हे दोन्ही व्यवहार एकाच चिठ्ठीत गुंफलेले. अर्वाचीन पद्धतीत पेढी वेगळी, विमाकंपनी वेगळी, जहाजाचा मालक वेगळा आणि माल भरून देणारा दलाल वेगळा. यांपैकी प्रत्येकाला आपला धोका दुसऱ्याच्या गळ्यात टाकण्याची सोय असते. जोखमी हुंडी घेणाऱ्या सावकाराला ती नव्हती. म्हणून तो घरी बसून कागद पाहत नसे. गलबत जुने की नवे, तांडेल कोण, त्याची मागची खेप कशी झाली, माल खरोखर चढला का, याची चौकशी तो बंदरावर माणूस पाठवून करी, आणि त्या चौकशीत जे उणे निघे ते हुंडीच्या भावात उतरे. तांडेलाशी संगनमत करून माल वाटेत विकावयाचा आणि गलबत बुडाल्याचा कांगावा करावयाचा ही विद्या त्या काळी अज्ञात होती असे नव्हे. पण ती वारंवार चालणे कठीण होते, कारण एकदा नाव खराब झालेल्या तांडेलाच्या गलबतावर दुसरी हुंडी खपत नसे. १८८१ च्या परक्राम्य लेखांच्या कायद्याने देशी भाषांतील हुंड्यांचे स्थानिक रिवाज आरंभीच्याच कलमात अबाधित ठेवले, ही त्या कायद्याची शहाणीव होय.

आता दुसऱ्या टोकाचे, केवळ कागदावर विसंबल्याचे उदाहरण पाहा. जहाजाचा कप्तान माल मिळाल्याबद्दल जी भरतीपावती देतो, जिला आपण सर्व बिल ऑफ लेडिंग म्हणूनच ओळखतो, ती हातात असणे म्हणजे माल हातात असणे, असे व्यापारी जगाने मानले, आणि त्यामुळे माल समुद्रात असताना कागदावर दहा वेळा विकला जाऊ लागला. १८५१ साली इंग्लंडच्या न्यायालयापुढे एक खटला आला. कलकत्त्याला एका कप्तानाने रेशमाच्या १२ गाठी जहाजावर चढल्या अशी भरतीपावती सही करून दिली. वस्तुतः एकही गाठ चढली नव्हती. त्या कागदाच्या तारणावर ज्यांनी पैसे दिले त्यांनी जहाजाच्या मालकावर फिर्याद केली. न्यायालय म्हणाले की, न चढलेल्या मालाची पावती देण्याचा अधिकार मालकाने कप्तानाला दिलेलाच नव्हता, म्हणून मालक जबाबदार नाही. तर्क निर्दोष होता आणि परिणाम भयंकर. १८५६ साली आपल्याकडे भरतीपावत्यांचा कायदा झाला तो या पार्श्वभूमीवर, आणि त्याच्या उद्देशिकेत सरकारने स्वतःच नमूद करून ठेवले की, ज्या मालाच्या पावत्या दिल्या जातात तो माल जहाजावर चढलेलाच नसतो असे पुष्कळदा घडते. कायद्याच्या प्रस्तावनेत इतका मोकळा कबुलीजबाब क्वचितच वाचावयास मिळतो. उपाय म्हणून कलम घातले ते असे की, मोल देऊन कागद घेणाऱ्यापुढे माल चढल्याचा तो कागद निर्णायक पुरावा मानावा, आणि हे बंधन ज्याने सही केली त्या कप्तानावर किंवा इतर इसमावर असावे. मालक पुन्हा बहुतांशी मोकळाच राहिला. हा कायदा पावणेदोनशे वर्षांच्या घरात टिकला. २०२५ साली संसदेने त्याच्या जागी नवा केला.

दुसरे एक प्रकरण १८८२ सालचे. जमेकाहून साखरेची २० पिंपे लंडनच्या गोदीत आली. भरतीपावतीच्या तीन मूळ प्रती काढण्याचा प्रघात होता, तो अशासाठी की एक टपालात गहाळ झाली तर दुसरी असावी. माल घेणाऱ्या पेढीने पहिली प्रत बँकेकडे गहाण टाकून कर्ज काढले आणि दुसरी प्रत दाखवून साखर गोदीतून उचलली. गोदीवाल्यांनी प्रामाणिकपणे माल दिला म्हणून ते सुटले, बँक बुडाली. टपाल आगबोटीने जात असे तेव्हा तीन प्रतींना काही अर्थ होता. आज विमान आणि तारायंत्राच्याही पलीकडची साधने हाताशी असताना कागदी भरतीपावत्या अजून तीन-तीन मूळ प्रतींत निघतात, आणि हे ऐकून ज्याला आश्चर्य वाटत नाही तो बहुधा याच धंद्यात असावा.

येथे मी आपल्या शहराच्या खऱ्या धनाकडे, कापसाकडे वळतो. मुंबईची गाठ ३९२ पौंडांची आणि दोन गाठी मिळून ७८४ पौंडांची खंडी, हा हिशेब ज्यांच्या तोंडी होता अशी पिढी परळ-वरळीत आता विरळ झाली. पण या गाठीच्या पोटात काय काय निघे याच्या कथा सरकारी दप्तरांत शाबूत आहेत. सरकी, खडे, माती, जुना पिवळा पडलेला कापूस. वजन वाढावे म्हणून रात्री शिंपडलेले पाणी. आणि गाठीच्या वरच्या थरात पांढरा शुभ्र, आत निकृष्ट, असा दुटप्पीपणा. मुंबई सरकारने याविरुद्ध १८२९ सालीच नियम केला होता. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाने, १८६१ ते १८६५ या काळात, लिव्हरपूलला मुंबईच्या कापसाकडे तोंड वळविणे भाग पडले, आणि भाव असे भडकले की घेणारा कसलाही कापूस घेऊ लागला. तेव्हा, १८६३ साली, कापसातील लबाडीचा नवा कायदा झाला. निरीक्षक नेमले, दाबाचे कारखाने परवान्याखाली आणले, प्रत्येक गाठीवर दाबणाऱ्याची खूण मारणे आवश्यक केले, आणि गाठीमागे फी बसवून त्यावर हे सारे खाते चालविले.

खाते चालले. लबाडी थांबली नाही, असे व्यापारी म्हणत. आणि लबाडीबरोबर फी मात्र आपल्याला भरावी लागते, अशी त्यांची रास्त तक्रार होती. १८७८ साली कायदा पुन्हा नव्याने केला, आणि काही वर्षांतच खाते गुंडाळले गेले. त्या निरीक्षकांना सरसकट अप्रामाणिक ठरविण्याचे मला कारण दिसत नाही. अडचण अशी की, निरीक्षकाच्या हातून ओल्या कापसाची गाठ निसटली तर त्याच्या पगारातून दमडीही कमी होत नसे, आणि ज्याचे नुकसान होई तो लँकेशायरचा सूतवाला हजारो मैल दूर. मधले सारे, शेतकरी, वाणी, आडत्या, दलाल, दाबवाला, भेसळ ओळखून होते आणि भावात ती धरून होते. खरा फरक पडू लागला तो रेल्वे वऱ्हाड-खानदेशात पोचल्यावर. १८७० साली खामगावची शाखा सुरू झाली. रॅली, व्होल्कार्ट यांच्यासारख्या पेढ्या स्वतः कापूसपट्ट्यात जाऊन माल घेऊ लागल्या, आपल्या देखरेखीखाली दाबू लागल्या, आणि ज्याला पुढे गाठीच्या प्रतीबद्दल जबाब द्यावयाचा होता त्याचाच माणूस बाजारात बोटांनी तंतू ओढून पाहू लागला. सरकारी शिक्क्याला जे साधले नाही ते या बोटांना बरेचसे साधले. मात्र लबाडीने तेथेही नवी वाट काढली. हलक्या जातीचा कापूस आगगाडीने चांगल्या कापसाच्या मुलखात न्यावयाचा, तेथे त्याची सरकी काढून त्या मुलखाच्या नावाने विकावयाचा, हा उद्योग इतका बोकाळला की १९२३ साली कापूस-वाहतुकीचा स्वतंत्र कायदा करून, संरक्षित मुलखात बाहेरचा कापूस परवान्याशिवाय उतरविण्यास बंदी करावी लागली. हा कायदा मला १८६३ च्या कायद्याहून सुज्ञ वाटतो; गाठीच्या पोटात डोकावण्याच्या भरीस न पडता त्याने स्टेशनावरच, माल उतरतो त्या जागी, पाय रोवला.

आता गोदीच्या भिंतीच्या आत जाऊ. १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन होण्यापूर्वी मुंबईचा माल दूर नांगरलेल्या जहाजांतून पडावांवर आणि पडावांतून निरनिराळ्या बंदरांवर उतरे; पैकी कित्येक धक्के खाजगी मालकीचे होते. जहाज ते पडाव, पडाव ते धक्का, धक्का ते वखार, असे तीन सांधे, आणि तिन्ही उघड्यावर. १८८० च्या पहिल्या दिवशी प्रिन्सेस डॉक खुला झाला, तेव्हा जहाज थेट धक्क्याला लागू लागले आणि एक सांधा नाहीसा झाला. चोरीच्या बंदोबस्ताच्या दृष्टीने भिंतींपेक्षा आणि यलो गेट, ग्रीन गेट या रंगीत दरवाजांवरील पहाऱ्यापेक्षा हे एक हस्तांतर कमी होणे मला अधिक मोलाचे वाटते.

गोदीतील चोरीचे एक शास्त्रशुद्ध वर्णन लंडनचे आहे. पॅट्रिक कॉलक्हून नावाच्या न्यायाधिकाऱ्याने थेम्स नदीवरील चोरांचे वर्गच पाडले होते: रात्री होड्या सोडून नेणारे निराळे, जहाजावरील अधिकाऱ्यांशी ठरवून पिंपे फोडणारे निराळे, आणि दिवसाढवळ्या आतून खिसे शिवलेले कपडे घालून साखर-कॉफी नेणारे हमाल निराळे. नदीवर राबणाऱ्या सुमारे ३३,००० माणसांपैकी ११,००० तरी या धंद्यात आहेत असा त्याचा अंदाज होता. २ जुलै १७९८ रोजी त्याने आणि जॉन हॅरियटने वॉपिंग येथे नदीपोलीस सुरू केले. त्यांचा आरंभीचा खर्च वेस्ट इंडीजच्या व्यापाऱ्यांनी उचलला, कारण साखर त्यांची जात होती. चोरी झपाट्याने घटली असे सांगतात. परंतु त्याच ऑक्टोबरात वॉपिंगच्या कचेरीवर कोळसा उतरविणाऱ्यांचा जमाव चालून गेला आणि त्या दंगलीत पोलिसांकडील एक माणूस प्राणास मुकला, ही गोष्ट कौतुकाच्या भरात सांगावयाची राहून जाते. कोळसेवाले का चिडले? थोडा कोळसा घरी नेणे हा मजुरीचाच भाग, असे ते पिढ्यान्‌पिढ्या मानत आले होते. मजुरी तेवढीच ठेवून तो भाग एका रात्रीत चोरी ठरविला गेला.

हाच प्रश्न आपल्या गोदीत होता. फाटक्या गोणीतून सांडलेले धान्य झाडून नेणाऱ्याला चोर म्हणावयाचे काय? आणि गोणी आपोआप फाटली की आकड्याने फाडली? ज्या हमालाला आज काम आहे आणि उद्या आहे की नाही ते टोळीवाल्याच्या मर्जीवर, त्या मर्जीसाठी मजुरीतून मुकादमाला हिस्सा द्यावा लागतो, त्याला गोदीची अब्रू ती आपली अब्रू असे कोणत्या न्यायाने वाटावे? १९३१ साली मजूरविषयक शाही कमिशनने ही रोजंदारीची अनिश्चितता मोडण्याची शिफारस केली. १९४८ साली कायदा झाला, १९५१ साली मुंबई डॉक लेबर बोर्ड आले, आणि कामगारपुढारी पी. डिमेलो यांच्यासारख्यांच्या लढ्यांनी गोदीकामगाराला नोंदणी, किमान हजेरीचे वेतन आणि पुढे निवृत्तीची हमी मिळाली. बाजारातील माथाड्यांना तेच संरक्षण अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून झालेल्या १९६९ च्या कायद्याने दिले. या कायद्यांची चर्चा नेहमी मजुरांच्या कल्याणाच्या सदरात होते. मालाच्या रक्षणाच्या सदरातही ती व्हावयास हवी, कारण नोंदलेल्या माणसाकडे गमावण्यासारखे काही असते. सगळी चोरी कामगाराच्या माथी मारण्याची वरिष्ठांची सवय मला मान्य नाही. पाटीभर धान्य हमाल नेतो, परंतु संबंध खेप नाहीशी करावयाची तर कचेरीतील सही लागते.

जहाजाच्या कठड्याशी मात्र मुंबईने एक उत्तम व्यवस्था सांभाळली. जहाजाच्या आतले कामगार स्टीव्हडोरकडचे, म्हणजे माल चढविणाऱ्या-उतरविणाऱ्या कंत्राटदाराकडचे, आणि धक्क्यावरचे पोर्ट ट्रस्टचे असल्याने टॅलीही दोन्ही बाजूंची होई. एक जहाजाच्या वतीने, दुसरी गोदीच्या वतीने. एकाने जास्त लिहिले तर दुसऱ्याच्या मालकाला भुर्दंड, म्हणून दोघे एकमेकांचे आकडे डोळ्यांत तेल घालून पाहत. आज ज्यांचे स्मरण आपण करीत आहोत ते या दोन वह्यांपैकी एका वहीचे धनी होते.

ही वही संपविली ती कंटेनरने. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ पेट्या घेऊन निघाले, आणि १९८९ साली न्हावा शेवाचे बंदर सुरू झाल्यावर मुंबईचा पेटीबंद व्यापार खाडीपलीकडे गेला. पाटीभर चोरी त्यामुळे जवळजवळ मिटली, हे कबूल केले पाहिजे. परंतु पेटीत काय आहे हे आता सहसा कोणी पाहत नाही; कागदावर 'भरणाऱ्याच्या सांगण्याप्रमाणे' एवढेच लिहिले जाते, आणि सील शाबूत तर माल शाबूत असे धरून चालतात. रक्तचंदनाच्या तस्करांनी या श्रद्धेचा चांगलाच लाभ घेतला. सीलला हात न लावता दाराच्या कडीचे खिळे काढावयाचे, आतला कायदेशीर माल उतरवून लाकूड भरावयाचे आणि खिळे पुन्हा ठोकावयाचे, ही युक्ती महसूल गुप्तचर संचालनालयाच्या हाती वारंवार लागली आहे. २०१६ पासून प्रत्येक भरल्या कंटेनरचे वजन जहाजावर चढण्यापूर्वी प्रमाणित करण्याची आंतरराष्ट्रीय सक्ती आली, ती जहाजाचा तोल सांभाळण्यासाठी. तथापि वजनाचा आकडा दोन ठिकाणी ताडून पाहिला तर तोच जुन्या टॅलीचे काम करू शकतो. २०१७ पासून निर्यातीच्या पेट्यांना इलेक्ट्रॉनिक सील आले. ते कडीपेक्षा बोलके आहे, पण तेही कडीलाच लावतात.

मोठ्या मासल्याची फसवणूक पाहावयाची असेल तर 'सालेम' या तेलवाहू जहाजाची पाहावी. कुवेतहून निघालेले हे जहाज १७ जानेवारी १९८० रोजी सेनेगलच्या किनाऱ्यापासून दूर बुडाले. खलाशी सुखरूप सुटले, सामानसुमान भरलेल्या बॅगांसह. जहाजाची दैनंदिनी मात्र घाईत राहून गेली! मागाहून कळले की सुमारे १,८०,००० टन तेल वाटेत डरबनला, तेलबंदी असलेल्या दक्षिण आफ्रिकेला, विकून झाले होते आणि रिकाम्या टाक्यांत समुद्राचे पाणी भरले होते. तेल समुद्रात असतानाच ते शेल कंपनीने विकत घेतले होते, अर्थात कागदावर. या व अशा प्रकरणांनंतर १९८१ साली आंतरराष्ट्रीय व्यापारी मंडळाने सागरी गुन्ह्यांसाठी स्वतंत्र ब्यूरो स्थापन केला. त्याचे एक प्रमुख काम, कागदात लिहिलेले जहाज त्या दिवशी त्या बंदरात खरोखर होते काय, हे पाहणे. जोखमी हुंडी घेणारा सावकार एक माणूस पाठवून हेच पाहत असे.

आपल्या रस्त्यांवर आज जे चालते ते 'सालेम'चेच लहान रूप आहे. कळंबोलीहून पोलाद किंवा भिवंडीहून कापड निघावयाचे असते; व्यापारी दलालाला फोन करतो, दलाल दुसऱ्या दलालाला, आणि दारात जो ट्रक येतो त्याची नंबरपाटी एका गाडीची, नोंदणीपत्र दुसऱ्याचे आणि चालकाचा परवाना बनावट असतो. बिल्टी फाडली जाते, माल भरला जातो, ट्रक परत दिसत नाही. कधी माल पोचतोही, पण वाटेत ढाब्यामागे चार सळ्या उतरलेल्या असतात आणि काट्यावर वजन जुळावे म्हणून पाण्याची पिंपे चढलेली असतात. २०१८ पासून ई-वे बिल आहे, गाडीची नोंद सरकारी संकेतस्थळावर दोन मिनिटांत पडताळता येते, टोलनाक्यावर तिची खूण उमटते. साधने पुष्कळ झाली. परंतु ट्रक दारात उभा असताना ती वापरण्याचे काम ज्या माणसाकडे असते, तो वखारीचा कंत्राटी कारकून असतो, त्याच्यामागे पुढच्या गाडीचा तगादा असतो, आणि माल गेल्याने त्याचे वा त्याच्या कंत्राटदाराचे काहीही बिघडत नाही. मालकही निर्धास्त, कारण विमा आहे.

म्हणून एक सूचना मांडतो, आणि ती मुख्यतः या सभेत विमाव्यवसायातील जी मंडळी असतील त्यांच्यासाठी आहे. मालाच्या विम्याचा हप्ता ठरविताना मार्ग, मालाची जात आणि पूर्वीचे दावे पाहिले जातात. ज्या वखारीत माल देताना व घेताना दोन्ही पक्षांची नोंदलेली, कायम नोकरीतील माणसे वजन आणि नग स्वतंत्रपणे मांडतात, तिला हप्त्यात ठळक सवलत द्यावी. आणि जेथे हे काम उक्ते देऊन टाकलेले आहे तेथे नुकसानीचा पहिला काही हिस्सा विमेदाराच्याच माथी ठेवावा, म्हणजे त्या कारकुनाला घाई करण्यापूर्वी मालक दोनदा विचार करील. यात विमाकंपनीचा धंदा हातचा जाईल अशी शंका मला एका जाणत्या मित्राने बोलून दाखविली आहे. ती कितपत खरी आहे, हे प्रश्नोत्तरांच्या वेळी त्या मंडळींकडूनच ऐकण्याची माझी इच्छा आहे.